माझ्या नावाने तपासलं

११ जानेवारी

दादा,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. ते घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

पत्र पोस्टाने पाठवतेय, कारण दुसरी वाट तू ठेवली नाहीस. मेलला उत्तर देत नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि फाइली साठवायचं आपलं सॉफ्टवेअर, कोठी, त्याच्या मेलिंग लिस्टवर लिहावं तर तिथे सगळं जग वाचत बसलेलं. भांडण घरातलं आहे तोवर बंद पाकिटात राहू दे. ते किती दिवस राहील हे तुझ्यावर आहे.

मागच्या महिन्यात लिस्टवर एका बाईंची तक्रार आली. ऐकू न येणाऱ्या मुलांना त्या बोलायला शिकवतात. प्रत्येक मुलाचा आवाज पहिल्या दिवसापासून रेकॉर्ड करून ठेवतात, म्हणजे तेव्हा तोंडातून काय निघत होतं आणि आता काय निघतं, हे आईबापांना ऐकवता येतं. जुन्या मशीनवरची ही रेकॉर्डिंगं त्या नव्या मशीनवर, आपल्या कोठीत हलवत होत्या. फाइल पोचली असं कोठी सांगायची आणि तिकडची पुसली जायची. मध्येच वीज गेली. परत आल्यावर पाहतात तर शेवटच्या वर्गाच्या फाइली जागच्या जागी होत्या. नावं बरोबर, तारखा बरोबर, आकारसुद्धा बरोबर. आत नुसती शून्यं.

मी त्यांना सभ्यपणे कळवलं की हे होणं शक्य नाही, तुमची डिस्कच खराब असणार. वीज गेली तरी कोठी काही हरवत नाही, या वाक्याने तर माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सुरू होतं. जेवणाच्या टेबलाखाली आपलं चाचणीचं मशीन वर्षभर तेच सिद्ध करत होतं. कोठीत लिहीत राहायचं, घड्याळाने वीज तोडायची, पुन्हा जोडायची, सगळं जागेवर आहे का ते पाहायचं. एकदाही चूक निघाली नाही. ते घड्याळ तू नोकरीसाठी घर सोडताना लावून दिलंस, आठवत असेल.

मग आईला इस्त्री करायची होती. तिने बोर्डावरचा हाताला लागला तो प्लग उपटला आणि इस्त्री लावली. संध्याकाळी मी मशीन उघडलं तर आत शून्यं. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा इस्त्री करायला लावलं, तिसऱ्या दिवशीही. तिला वाटलं मुलगी सुधारली, आता चुरगळलेले कपडे घालून कॉलेजात जाणार नाही. मला कळायचं ते कळलं. कोठी जितक्या वेळाने मजकूर डिस्कवर उतरवते, नेमका तोच ठेका तू घड्याळाला लावला होतास. सगळं उतरवून झालं की मगच वीज तुटायची. आई कुठलाच ठेका धरत नाही, त्यामुळे ती मधेच पोचली.

मग मी कोठीतल्या बदलांचा इतिहास मागे मागे वाचत गेले आणि तो बदल सापडला. दीड वर्षापूर्वीचा, तुझा. आधी मजकूर डिस्कवर जायचा आणि मग त्याची नोंद व्हायची. तू क्रम उलटा केलास. नोंद आधी, मजकूर सवडीने. कोठी पळायला लागली, तो वेगाचा आलेख घेऊन तू परिषदेत उभा राहिलास आणि त्या आलेखावर तुला नोकरी मिळाली. तुझं ते भाषण मी पाहिलेलं नाही, इतका वेळ कोणाला आहे?

त्या बदलाखाली दोन ओळी आहेत. ‘लिहिलं’च्या पुढे तुझं नाव. ‘तपासलं’च्या पुढे माझं.

दादा, तो बदल मी जन्मात पाहिला नव्हता. तारीख बघ. त्या आठवड्यात आईचा गुडघा बदलला आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. फोनवर तू म्हणालास, तू आईकडे बघ, कोठीचं मी बघतो. हे असं बघितलंस होय? लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी ओळन्‌ओळ वाचल्याशिवाय कोठीत काही जायचं नाही, हा नियमसुद्धा तुझाच. तू तो लोकांना भाषणं देऊन शिकवलास.

मला तुझ्याकडून तीन वाक्यं हवीत, लिस्टवर, सगळ्यांसमोर. बदल चुकीचा होता. ‘तपासलं’ ही ओळ मी घातली. तिने तो वाचला नव्हता. माझी व्हायव्हा मार्चमध्ये आहे, आणि बाहेरचे परीक्षक कामाचा सगळा इतिहास वाचून येतात असं ऐकते. माझ्या नावाखाली लबाडी सापडली तर पाच वर्षांचा अभ्यास पाण्यात जाईल.

आईचा गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस म्हणून सांगितलं.

धाकटी

२ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचल्याचं आईकडून कळलं. तू मला नाही, तिला फोन केलास. तिने स्पीकर लावला आणि मला खुणेने शेजारी बसवलं, हे तुला माहीत नसेल. तेव्हा तू काय म्हणालास ते माझ्यापर्यंत तिखटमीठ लावून आलेलं नाही, मी ते माझ्या कानांनी ऐकलंय.

एवढं आकाशपाताळ एक करण्यासारखं काही झालेलं नाही, असं म्हणालास. ऑफिसात तुला कायम करायची वेळ आलीय, आत्ताच हे उकरायला नको, असं म्हणालास. आणि मग ते वाक्य: “तिला म्हणावं, दोघांच्याही नजरेतून सुटलं असं सांगूया. विभागून घेतलं की कमी लागतं.”

आईने विचारलं, म्हणजे तिचीही चूक आहे का? तू म्हणालास, तसंच काही नाही, पण. त्या ‘पण’च्या पुढचं ऐकायला आई थांबली नाही. दूध उतू जातंय म्हणून तिने फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

तिकडे लिस्टवर मी तुझा बदल मागे घेण्याचा प्रस्ताव टाकला. कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त शून्यं दाखवली. त्यावर तुझं उत्तर काय, तर ‘घाई नको, आकडे दाखव.’ वा! कोठीचा प्रमुख म्हणून तुझं नाव अजून तिथे आहे, वर्ष झालं एक ओळ लिहिलेली नाहीस, आणि उंटावरून शेळ्या हाकायला मात्र आलास. खाली लगेच दोघातिघांनी माना डोलावल्या. करून सवरून नामानिराळं राहायचं तर तुझ्याकडून शिकावं.

माझा दिवस कसा जातो ते सांगते, तुला विसर पडला असेल. सकाळी आईचे गुडघ्याचे व्यायाम. ती मोजताना चोरी करते, म्हणून शेजारी बसावं लागतं. मग बस. बसमध्ये उभ्याने कोठीसाठी लोकांनी पाठवलेले दुरुस्तीचे पॅच वाचायचे. मग पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा, त्यातला एक तरी रोज स्वतःचं काम पुसून टाकतो आणि माझ्याकडे बघतो. दुपारी प्रबंध. संध्याकाळी एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने कोठीच्या तक्रारींना उत्तरं. काल एकाने लिहिलं की फुकट आहे म्हणून सॉफ्टवेअर इतकं भिकार असावं का. त्यालाही मी ‘कळवल्याबद्दल आभार’ असं लिहिलं.

तू म्हणायचास, त्यात काय, होतं सगळं. होतं, कारण कोणीतरी करतं. आधी आपण दोघं करायचो. सकाळी तू आईचा डबा भरायचास, मी तुझे पॅच बघायचे, बसच्या रांगेत कोठीवरून भांडायचो. तेव्हा मला वाटायचं आपल्यासारखं कोणी नाही. तू गेलास त्या दिवशी तुझ्या वाट्याचं सगळं टेबलावर तसंच पडून राहिलं आणि मी ते उचललं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारायला थांबले नाही.

तीन वाक्यं, दादा. मी वाट पाहतेय.

धाकटी

२० फेब्रुवारी

दादा,

तुझं मौन पोचलं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्या खोलीत बसायला जागा नसते, खुर्चीवर प्रबंधांचा ढीग असतो, म्हणून उभ्यानेच सांगितलं. माझ्या गाईड झाल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदा पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, “दीड वर्ष तुझं नाव तिथे आहे. एकदाही उघडून बघावंसं वाटलं नाही?”

मी म्हटलं, “दादाने लिहिलेलं होतं.”

त्या म्हणाल्या, “हे उत्तर व्हायव्हात देऊ नकोस.”

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. तू लेखी कबूल केलंस तर माझ्यावरचा लबाडीचा संशय जाईल आणि प्रकरण दुरुस्त करून चालेल. तू कबूल केलं नाहीस तर परीक्षक विचारतील आणि मला एकटीला उत्तर द्यावं लागेल, त्यावर ते काय ठरवतील ते ठरवतील. त्यांनी तुझा पत्ता मागितला नाही. म्हणाल्या, भावाला तूच सांग, माझ्या पत्राने तो आणखी बंद होईल. त्यांना तू माहीत नाहीस. तू आणखी किती बंद होणार?

दरम्यान तुझा बदल गेला, हे लिस्टवर वाचलंच असशील. तुझ्या ‘घाई नको’ला लिस्टवरचे आजोबा बधले नाहीत. तो निवृत्त रेल्वे अभियंता कुठल्या देशात राहतो हे आपल्याला अजून माहीत नाही, त्याच्या शंका वाचून आपण दोघं पोट धरून हसायचो, आणि ‘आजोबा’ हे नाव तूच ठेवलंस. त्याने माझा प्रस्ताव आठवडाभर वाचला. प्रत्येक ओळीला प्रश्न. एक प्रश्न इतका बावळट वाटला की मी दात-ओठ खाल्ले. मग उत्तर लिहायला बसले तेव्हा माझ्याच दुरुस्तीतली चूक सापडली. ती काढली, पुन्हा पाठवलं, त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी ‘तपासलं’ आणि त्यापुढे त्याचं नाव. ती ओळ बघून मला रडू आलं, आणि ते तुझ्यामुळे आलं म्हणून आणखी राग आला.

कोठी आता पहिल्यासारखी हळू चालते. लोक ओरडताहेत, ओरडू देत. त्या बाईंना मी माफीचं लिहिलं. त्यांच्या मुलांचे आवाज परत येणार नाहीत. त्यांचं उत्तर आलं की त्या पुन्हा रेकॉर्ड करतायत, फक्त आता ती मुलं बरी बोलतात, पहिल्यासारखं अडखळून बोलता येत नाही. हे वाचून तुला काय वाटेल ते मला खरंच कळत नाही. पूर्वी कळलं असतं.

आणि हो, तुझं ते भाषण मी पाहिलेलं आहे. त्यात शेवटी एका मुलीने तुला विचारलं होतं, ‘वीज गेल्यावर याचं काय होतं?’ तू आधी डोकं खाजवलंस आणि मग म्हणालास, ते माझी बहीण बघते. सगळे हसले. तूही हसलास. डोकं तू खोटं बोलताना खाजवतोस, हे त्या सभागृहात कोणाला माहीत नव्हतं. खाई त्याला खवखवे.

धाकटी

११ मार्च

दादा,

झाली व्हायव्हा.

त्या सकाळी तू अनोळखी नंबरावरून फोन केलास, म्हणजे माझा तुझ्यावरचा राग किती आहे हे तुला माहीत होतं. इतक्या महिन्यांनी तू माझ्याशी बोललास. तू शुभेच्छा दिल्या नाहीस. म्हणालास, “काय सांगायचं ते सांग. फक्त माझं नाव घेऊ नकोस.” मी फोन बंद केला. कोणाचा फोन, असं आईने विचारलं तर चुकीचा नंबर म्हणाले.

आई आली होती. काठी घेऊन शेवटच्या रांगेत बसली. तिला विषयातलं काही कळणार नव्हतं, पण खुली व्हायव्हा म्हणजे कोणीही बसू शकतं असं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. आता वाटतं, तोंड आवरायला हवं होतं.

बाहेरचे परीक्षक शांत गृहस्थ निघाले. पहिली दोन प्रकरणं आवडली म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी पडद्यावर तुझा बदल लावला, माझं नाव मोठं करून. विचारलं, तुम्ही हे तपासलं होतं? मी नाही म्हटलं.

“मग तुमचं नाव कोणी घातलं?”

मी मागे वळून पाहिलं नाही. “माझ्या भावाने.”

इतकं साधं वाक्य. दोन महिने ते मी तुझ्यासमोर नाचवत होते, आता बोलते, मग बोलते. प्रत्यक्ष बोलले तेव्हा जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मागे आईची काठी खाली पडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी ती उचलून दिली.

पण परीक्षक तिथे थांबले नाहीत. म्हणाले, बरं, नाव त्यांनी घातलं. नंतर या पायावर तुम्ही प्रकरण उभं केलंत. तेव्हा तरी वाचलंत? पुन्हा नाही. का नाही? मॅडम समोर बसल्या होत्या आणि मला डोळ्यांनी सांगत होत्या की देऊ नकोस ते उत्तर. पण दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतंच. “दादाने लिहिलेलं होतं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, लबाडी नाही हे मला पटलं. पण हे प्रकरण मोजून लिहिलेलं नाही, विश्वास ठेवून लिहिलेलं आहे. सगळं पुन्हा मोजा, मग या. म्हणजे आणखी वर्षभर. शिष्यवृत्ती एप्रिलमध्ये संपते, त्यामुळे दुपारीही प्रयोगशाळा घ्यावी लागेल. प्रबंध कधी लिहायचा ते बघू. होतं सगळं.

घरी आल्यावर आई दोन दिवस माझं ताट वाढून ठेवायची आणि आत जायची. काल म्हणाली, “खरं बोललीस, बरोबर केलंस. पण मला त्या खोलीत नको होतं बसवायला.” यावर काय म्हणायचं ते तुला सुचत असेल तर तिला फोन कर, ते तुला जमतं.

धाकटी

२४ जून

दादा,

लिस्टवरचं तुझं लिहिणं वाचलं. तीन मागितली होती, तू बारा वाक्यं लिहिलीस, त्यातली पहिली तीन बरोबर आहेत. व्हायव्हाच्या आधी लिहिली असतीस तर माझं एक वर्ष वाचलं असतं. वरातीमागून घोडं. आभार मानणार नाही, आणि तूही अपेक्षा ठेवू नकोस.

ऑफिसातून तुला काढलं नाही, दुसऱ्या कामावर बसवलं, असं आईने सांगितलं. ऐकून बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही असं लिहिणार होते. वाईट वाटलं. ते माझ्या मनाविरुद्ध वाटलं, हेही लिहून ठेवते.

कोठीच्या प्रमुखपदावरून तू आपणहून नाव काढलंस आणि आजोबांनी तिथे माझं सुचवलं. मी हो म्हटलं. आता प्रबंध, प्रयोगशाळा, आई आणि हे. घड्याळ मी नवं लावलंय, कुठल्याच ठेक्यात न बसणारं. तिसरं प्रकरण पहिल्यापासून मोजतेय. आत्तापर्यंतचे आकडे चांगले नाहीत, पण खरे आहेत.

आता तुझा नवा बदल. क्रम बरोबर ठेवून गेलेला वेग परत आणणारा. त्यासोबत मला वेगळी चिठ्ठी पाठवलीस की या वेळी तूच तपास, खरोखर वाच, हवं तर फाडून खा, पण नाव तुझं असू दे. तुला वाटलं असेल, यापेक्षा मोठी माफी कोणी मागू शकत नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मी तो वाचला. कॉलेजात वाचला, बसमध्ये वाचला, आईचे व्यायाम चालू असताना वाचला. ओळन्‌ओळ, चूक शोधायचीच अशा इराद्याने, दात ओठ खाऊन. अख्ख्या बदलात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. इतकं सुंदर तूच लिहू शकतोस, असं मनात आलं. तिथेच मी थांबले आणि तो आजोबांकडे पाठवला.

त्यांना पहिल्याच पानावर चूक सापडली. डिस्क भरलेली असेल तर नोंद पुन्हा मजकुराच्या पुढे जाते. त्यांनी दाखवल्यावर मलाही दिसली, आणि इतकी ढळढळीत होती की पहिल्या वर्षाच्या मुलानेही पकडली असती. मी ती ओळ चार वेळा वाचली होती, दादा. इतका राग असूनही.

म्हणून तुझ्या कामावर माझं नाव येणार नाही, पुढेही कधीच नाही. एका घरातल्या दोघांनी एकमेकांचं तपासायचं नाही, असा नियम मी आज कोठीत घातला. लोक कारण विचारतील. त्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.

चूक दुरुस्त कर आणि आजोबांकडे पाठव.

धाकटी